वरोऱ्याचा कोळसा, लोहाऱ्याचा दगड : जमशेदजी टाटांनी खाणीचा अंदाज कसा पारखला?

फेब्रुवारी २०२० मधली एक बातमी आठवत असेल. उत्तर प्रदेशातील सोनभद्र जिल्ह्यात ३,३५० टन सोने सापडल्याचे सांगितले गेले आणि दोन दिवस प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच फिरत होते. मग भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने खुलासा केला. सापडले होते ते सुमारे ५२,८०६ टन खनिज, म्हणजे सोन्याचे कण असलेला दगड. त्यात टनामागे सरासरी ३.०३ ग्रॅम सोने. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर गुणाकार करून बघा. उत्तर येते १६० किलो. टन कुठले आणि किलो कुठले!

यात दोन आकड्यांची गल्लत झाली होती. पण गल्लत नसली तरी एक प्रश्न उरतोच. हे ३.०३ ग्रॅम तरी कशावरून? जमिनीखालचे कोणी पाहिलेले नसते. चार ठिकाणी भोके पाडायची, हाती आलेला दगड प्रयोगशाळेत द्यायचा आणि उरलेल्या डोंगराबद्दल अंदाज बांधायचा. हा अंदाज खरा की खोटा, हे ठरवण्याची एक जुनी आणि महागडी रीत आहे. चिमूटभर नमुन्यावर न थांबता ढीगभर माल काढायचा, तो प्रत्यक्ष भट्टीत किंवा गिरणीत चालवायचा आणि काय हाती लागते ते मोजायचे. खाण व्यवसायात याला बल्क सॅम्पलिंग म्हणतात.

आपल्याकडे या परीक्षेची सर्वात मोठी गोष्ट घडली ती विदर्भात, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात. ती सोन्याची नाही, लोखंडाची आणि कोळशाची आहे. आणि ती एका माणसाच्या आयुष्याची बावीस वर्षे व्यापून आहे. त्या माणसाचे नाव जमशेदजी नसरवानजी टाटा.

आधी उसाचे उदाहरण

कुर्डुवाडी, माढा, टेंभुर्णी भागातल्या वाचकाला हे समजावून सांगायला खाणीपर्यंत जायची गरज नाही. उसाच्या फडात उभे राहून हातातल्या मीटरवर रसाचा ब्रिक्स बघतात. थेंबभर रस, डोळ्याला लावलेली नळी आणि आकडा. पण तो थेंब कुठल्या कांडीचा? बुडख्याकडची कांडी गोड, शेंड्याकडची फिकी. बांधावरचा ऊस वेगळा, मधल्या सरीतला वेगळा. ज्याला आकडा मोठा दाखवायचा आहे त्याने बुडखा निवडायचा, इतके ते सोपे आहे.

साखरेचा खरा उतारा कळतो तो गव्हाणीत मोळ्या पडून, रस निघून, साखर पोत्यात भरल्यावर. कारखाने हंगामाच्या सुरुवातीला चाचणी गळीत घेतात तेव्हा यंत्रांबरोबर हेही तपासले जाते. थेंबाने सांगितलेला आकडा आणि पोत्याने सांगितलेला आकडा यांत जे अंतर असते, तेच खाणीतल्या अंदाजात आणि बल्क सॅम्पलच्या निकालात असते.

सोन्याच्या बाबतीत हे अंतर भयंकर मोठे असू शकते. टनामागे ५ ग्रॅम सोने असलेला दगड चांगला मानला जातो. प्रयोगशाळेत भट्टीत वितळवून जी तपासणी होते, तिच्यासाठी साधारण ३० ग्रॅम पूड घेतात. या पुडीत ५ ग्रॅमच्या दराने सोने किती हवे? अवघे ०.१५ मिलिग्रॅम. म्हणजे ०.२ मिलिमीटर बाजूचा सोन्याचा एकच कण, मिठाच्या दाण्याहूनही लहान. तो कण पुडीत आला तर अहवाल ५ ग्रॅम म्हणणार. नाही आला तर शून्य. चुकून दोन आले तर १० ग्रॅम. डोंगर तोच, दगड तोच. फरक फक्त एका कणाचा!

म्हणून सोने भरड स्वरूपात असलेल्या ठिकाणी शहाण्या कंपन्या बोगदा खणून शेकडो, कधी हजारो टन दगड बाहेर काढतात, तो छोट्या प्रकल्पात दळतात आणि निघालेले सोने तराजूत टाकतात. मग त्या जागेसाठी संगणकाने आधी काय भाकीत केले होते ते शेजारी मांडतात. दोन्ही जुळले तर बँक कर्ज देते. नाही जुळले तर अंदाज पुन्हा मांडायचा, किंवा गाशा गुंडाळायचा.

ही परीक्षा टाळली की काय होते? इंडोनेशियातील बुसांग इथे ब्रे-एक्स या कॅनडाच्या कंपनीने सुमारे ७ कोटी औंस सोने असल्याचे सांगितले होते. खडकाचे नमुने अर्धे जपून ठेवण्याचा रिवाज असतो. तिथे ते पूर्ण कुटले जात होते, त्यामुळे मागे फिरून तपासायला काही उरतच नव्हते. १९९७ मध्ये स्वतंत्र तज्ज्ञांनी जुन्या भोकांशेजारी नवी भोके पाडली आणि हाती काहीच लागले नाही. नमुन्यांत बाहेरून सोने मिसळलेले होते. शेअर कागदाच्या भावाला आला, कित्येकांची आयुष्यभराची बचत गेली.

आता १८८२ मध्ये जाऊ.

नवसारीचा मुलगा, मुंबईची पेढी

जमशेदजींचा जन्म ३ मार्च १८३९ चा, बडोदा संस्थानातील नवसारीचा. घराणे पारशी धर्मगुरूंचे. वडील नसरवानजी यांनी परंपरा सोडून मुंबईत व्यापार सुरू केला होता. मुलगा तेराव्या-चौदाव्या वर्षी मुंबईला आला, एल्फिन्स्टन कॉलेजात शिकला आणि १८५८ मध्ये बाहेर पडून पेढीवर बसला. पुढच्याच वर्षी त्याला हाँगकाँगला पाठवण्यात आले.

अंदाज चुकला की काय होते, याचा पहिला धडा त्यांना पंचविशीतच मिळाला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिथला कापूस बंद झाला होता, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. सगळी मुंबई सट्ट्यात उतरली होती. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले. जमशेदजी तेव्हा लंडनमध्ये होते, पेढीच्या हुंड्या हातात घेऊन. त्या हुंड्यांची किंमत एकदम उतरली. त्यांनी धनकोंपुढे सगळा हिशेब उघडा ठेवला. धनकोंचा विश्वास इतका बसला, की पेढीची देणी निस्तरण्याचे काम त्यांनी याच तरुणावर सोपवले.

१८६८ मध्ये २१,००० रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःचा व्यापार सुरू केला. पुढच्या वर्षी चिंचपोकळीची एक बुडीत तेलगिरणी घेऊन तिची कापडगिरणी केली आणि दोनेक वर्षांत नफ्यात विकली. मग मात्र मोठे धाडस, नागपूरचे.

त्या काळी गिरणी म्हटली की मुंबई. जमशेदजींनी कापूस कुठे पिकतो, रेल्वे कुठून जाते, पाणी आणि इंधन कुठे मिळते हे आधी पाहिले आणि नागपूर निवडले. मिळालेली जागा दलदलीची होती. ती मातीने भरून काढावी लागली. तिथल्या एका सावकाराने भांडवल द्यायला नकार दिला. हा पारशी सोने जमिनीत पुरतो आहे असे त्याचे मत होते, आणि पुढे त्यानेच ते मत बदलल्याचे सांगतात. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणी भारताची सम्राज्ञी झाल्याची द्वाही फिरली त्याच दिवशी, एम्प्रेस मिल सुरू झाली. व्यवस्थापक नेमले बेझनजी मेहता. ते रेल्वेच्या माल विभागातले होते, गिरणीचा अनुभव शून्य.

याच गिरणीत त्यांची एक सवय दिसते. कताईसाठी रिंग स्पिंडल हे नवे यंत्र तेव्हा बाजारात आले होते. लँकेशायरचे गिरणीवाले अजून त्याकडे साशंक नजरेने बघत होते. जमशेदजींनी आधी मोजकी यंत्रे मागवून नागपूरच्या कापसावर, नागपूरच्या हवेत, नागपूरच्या कामगारांच्या हाताखाली चालवून पाहिली. सूत किती निघते ते मोजले आणि मग मोठी ऑर्डर दिली. विलायती कॅटलॉगातला आकडा त्यांनी गृहीत धरला नाही. मी इंजिनिअरिंगला असताना प्रयोगवहीत आधीच्या बॅचचे आकडे उतरवणारे आम्ही कितीतरी जण होतो, म्हणून ही गोष्ट मला जास्त भावते.

१८८२ : एक अहवाल हाती पडतो

१८८२ मध्ये जमशेदजी ४३ वर्षांचे होते. त्या वर्षी फॉन श्वार्ट्झ नावाच्या युरोपीय तज्ज्ञाचा एक अहवाल त्यांच्या वाचनात आला. विषय होता चांदा जिल्ह्यात लोखंडाचा कारखाना चालेल का. अहवालात लोहारा या ठिकाणच्या खनिजाची वाखाणणी होती. दगड उत्कृष्ट, जवळच वरोऱ्याला सरकारी कोळसा खाण, तिथपर्यंत रेल्वे. आज वरोरा म्हटले की आनंदवन आठवते. तेव्हा ते कोळशाचे गाव होते. सरकारने १८७० च्या दशकात तिथे खाण सुरू केली होती.

कागदावर सगळे जमत होते. नागपूरहून हाकेच्या अंतरावर लोखंड आणि कोळसा, दोन्ही.

शिवाय लोहारा हे नावच बोलके आहे. त्या मुलुखात पिढ्यान् पिढ्या मातीच्या छोट्या भट्ट्यांत लोखंड गाळले जात होते. म्हणजे एका अर्थाने तिथल्या दगडाची परीक्षा कारागिरांनी कधीच घेऊन ठेवली होती. दगडात लोखंड आहे आणि ते चांगले आहे, यात शंका नव्हती. पण ते कारागीर लाकडाचा कोळसा वापरत. रोज शेकडो टन लोखंड गाळणाऱ्या उंच भट्टीला तो पुरणार नव्हता. तिला हवा होता दगडी कोळसा, आणि तोही विशिष्ट जातीचा.

जमशेदजींनी वरोऱ्याचा कोळसा जर्मनीला परीक्षेसाठी पाठवला. निकाल आला : लोखंड गाळायला हा कोळसा चालणार नाही.

कोळसा काळा असला म्हणून काय झाले?

इथे थोडे तांत्रिक. लोखंडाच्या उंच भट्टीत खनिज, चुनखडी आणि कोक यांचे थरावर थर टाकतात. कोक म्हणजे हवा न लागू देता भाजलेला दगडी कोळसा. त्याची तिथे दोन कामे असतात. एक, जळून उष्णता देणे आणि खनिजातला ऑक्सिजन ओढून घेणे. दुसरे काम सहसा कोणाच्या लक्षात येत नाही : वरच्या शेकडो टन मालाचा भार पेलायचा आणि तरीही मधून गरम हवा जाऊ द्यायची. त्यासाठी कोक टणक आणि सच्छिद्र लागतो, खंगराच्या विटेसारखा.

काही जातींचा कोळसा भाजताना आधी मऊ होतो, फुगतो आणि मग घट्ट ढेकळे बनतात. झरियाचा कोळसा असा आहे. वर्धा खोऱ्यातला कोळसा असे करत नाही. भाजला की त्याचा भुगा होतो किंवा तो तसाच सुटा राहतो. बॉयलरखाली जाळायला उत्तम, पण उंच भट्टीत टाकला तर भट्टी गुदमरणार.

प्रयोगशाळेत चमचाभर कोळसा जाळून राख किती आणि ओलावा किती हे कळते. ढेकूळ भार पेलेल का हे मात्र भरपूर कोळसा भाजून, त्याचा कोक करून पाहिल्यावरच ठरते. म्हणून आजही कोकसाठीचा कोळसा निवडताना चाचणी भट्टीत भरघोस माल भाजून बघतात. सोन्यात मोठा नमुना लागतो तो कण विखुरलेले असतात म्हणून. कोळशात लागतो तो मालाचे वागणे लहान नमुन्यात दिसत नाही म्हणून. लोखंडाच्या खनिजात आणखी तिसरीच गोष्ट असते. ६० टक्क्यांहून जास्त लोखंड असलेल्या दगडात टक्केवारी फारशी फसवत नाही, फसवते ते प्रमाण. वर दिसणारी टेकडी आत किती खोल जाते, हा खरा प्रश्न.

वरोऱ्याचा निकाल आणि त्यात सरकारच्या खाण परवान्याच्या जाचक अटी. जमशेदजींनी योजना बाजूला ठेवली.

या टप्प्याकडे चरित्रकार सहसा घाईने बघतात. दूरदृष्टीच्या गोष्टीत नकाराला जागा नसते. मला मात्र हाच निर्णय सर्वात मोलाचा वाटतो. मुंबईत त्यांच्या शब्दाला वजन होते. अहवालाची छान छपाई करून, शेअर विकून, लोकांच्या पैशावर लोहाऱ्याला भट्टी उभी करणे त्यांना अशक्य नव्हते. तो कारखाना बंद पडला असता आणि देशी माणसाला पोलाद जमत नाही असा शिक्का पुढची पन्नास वर्षे बसला असता.

त्यांनाही एकदा फसायला झाले

जमशेदजी प्रत्येक वेळी असे सावध होते असे मात्र नाही. १८८६ मध्ये कुर्ल्याची धरमसी मिल लिलावात साडेबारा लाखांना मिळाली. उभारणीच्या खर्चाच्या मानाने कवडीमोल. त्यांनी घेतली आणि नाव ठेवले स्वदेशी मिल. यंत्रे सुरू केल्यावर कळले की ती खिळखिळी झालेली आहेत. सूत कच्चे निघू लागले, चीनच्या व्यापाऱ्यांच्या तक्रारी येऊ लागल्या, टाटांच्या शेअरवरचा विश्वास डळमळला. नागपूरची चांगली माणसे कुर्ल्याला आणावी लागली, घरच्या पैशाला हात घालावा लागला. गिरणी शेवटी रुळावर आली, पण त्यात वर्षे गेली.

बाहेरून बघून घेतलेल्या वस्तूची किंमत काय पडते, ते या गिरणीने दाखवून दिले.

सतरा वर्षांनी

पोलादाचा विषय त्यांच्या डोक्यातून गेला नव्हता. देशभर रेल्वे पसरत होती आणि तिचे पोलाद समुद्रापलीकडून येत होते. आपल्याच गावचे बघा. १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून, म्हणजे तेव्हाच्या बार्शी रोड स्टेशनवरून, बार्शीकडे छोटी गाडी सुरू झाली. तिची इंजिने लीड्सच्या किटसन कारखान्यातली. देशात रूळ ओतणारा कारखानाच नव्हता.

१८९९ मध्ये मेजर माहोन यांनी भारतात पोलाद कारखान्याची वेळ आली आहे असा अहवाल दिला. लॉर्ड कर्झन यांच्या राजवटीत त्याच वर्षी खाण परवान्याचे नियम सैल झाले. जमशेदजींनी १९०० मध्ये लंडनला भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांची भेट घेतली आणि सरकारचा पाठिंबा मिळवला. वय ६१. प्रकृती साथ देत नव्हती. हाताशी ताजमहाल हॉटेल, बंगळूरची विज्ञान संस्था आणि पश्चिम घाटातील पाण्यापासून वीज, अशी तीन मोठी कामे आधीच होती.

१९०२ मध्ये ते अमेरिकेला गेले. अलाबामातल्या बर्मिंगहॅमला कोक कसा करतात ते बघितले, क्लीव्हलँड आणि पिट्सबर्गचे कारखाने पाहिले. ज्युलियन केनेडी या नामांकित अभियंत्याने त्यांना आधीच सावध केले, की नुसत्या शोधाशोधीत प्रचंड पैसा जाईल आणि शेवटी काही न मिळण्याचीही शक्यता आहे. जमशेदजींनी तो खर्च करायचे ठरवले. केनेडींनी चार्ल्स पेज पेरिन यांचे नाव सुचवले. जमशेदजी न्यूयॉर्कला पेरिन यांच्या कार्यालयात न कळवता जाऊन उभे राहिले आणि भारतात येऊन खनिज, कोळसा, चुनखडी, पाणी आणि जागा शोधून देण्याचे काम सांगितले. पेरिन तयार झाले.

लक्षात घ्या, कारखान्याचा आराखडा नंतरचा. आधी खनिज आणि कोळसा नीट पारखून घ्यायचा, आणि त्याचे पैसे द्यायचे. आज खाण कंपन्या जाहीर करतात त्या अहवालांचा क्रम हाच असतो. भारतात २०१५ च्या नियमांनुसार शोधाचे जी-४ ते जी-१ असे टप्पे आहेत. जी-४ म्हणजे प्राथमिक पाहणी, जी-१ म्हणजे सविस्तर शोध. बातमीत साठ्याचा आकडा आला की तो कुठल्या टप्प्याचा आहे हे आधी बघावे. सोनभद्रच्या वेळी ते कोणी बघितले नाही.

चांद्याच्या जंगलात

पेरिन यांनी आपले सहकारी सी. एम. वेल्ड यांना पुढे पाठवले. वेल्ड भूवैज्ञानिक. त्यांच्यासोबत जमशेदजींचे थोरले चिरंजीव दोराबजी आणि आप्त शापुरजी सकलातवाला. हेच सकलातवाला पुढे ब्रिटनच्या पार्लमेंटमध्ये कम्युनिस्ट खासदार झाले, पण ती वेगळी गोष्ट.

बैलगाड्या, तंबू, वाघांचा वावर आणि पाण्याचे हाल. चहासाठी पाणी नाही म्हणून सोडावॉटरचा चहा केल्याचा किस्सा याच मोहिमेतला. वेल्ड यांनी चांद्यातली ठिकाणे पायी पालथी घातली.

निष्कर्ष असा : लोहाऱ्याचा दगड खरोखर उत्तम आहे. पण मोठ्या कारखान्याला पिढ्यान् पिढ्या पुरेल इतका तो नाही, आणि जोडीला कोकचा कोळसा नाही. वीस वर्षांपूर्वीच्या अहवालातली टेकडी होती तिथेच होती. बदलला तो हिशेब. छोट्या भट्टीसाठी जो साठा अमर्याद, तोच मोठ्या कारखान्यासाठी तुटपुंजा ठरला. खाणशास्त्रात साधन आणि साठा असे दोन वेगळे शब्द वापरतात, ते याचसाठी. साधन म्हणजे जमिनीत जे आहे ते. साठा म्हणजे त्यातले जे काढून परवडते तेवढे.

वेल्ड परत जायच्या तयारीत होते. शोध थांबवत असल्याचे कळवायला दोराबजी नागपूरला सचिवालयात गेले. अधिकारी जागेवर नव्हते. वेळ काढायला ते समोरच्या संग्रहालयात शिरले आणि तिथे भिंतीवर भूवैज्ञानिक नकाशा दिसला. नागपूरच्या पूर्वेला, दुर्ग भागात, लोखंड दाखवणारा रंग गडद होता. तो भाग प्रमथनाथ बोस या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात पाहिलेला.

मंडळी तिथे गेली. धल्ली-राजहराच्या डोंगरावर बुटाखालचा दगड धातूसारखा वाजत होता. खनिज भरपूर आणि कसदार. पण पुन्हा तेच. झरियाचा कोळसा फार लांब आणि आसपास पुरेसे पाणी नाही. महानदीकाठी संबळपूरच्या बाजूला पदमपूर इथे कारखाना घालता येईल का, याचाही विचार झाला.

मग एक पत्र आले. २४ फेब्रुवारी १९०४ रोजी प्रमथनाथ बोस यांनी जमशेदजींना लिहिलेले. बोस सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन मयूरभंज संस्थानात काम करत होते. तिथल्या गोरुमहिसानी डोंगरात मोठा साठा असल्याचे त्यांनी कळवले होते. झरिया तिथून तुलनेने जवळ.

जमशेदजींना तो डोंगर बघता आला नाही. १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम इथे त्यांचे निधन झाले. ज्या देशातून बावीस वर्षांपूर्वी वरोऱ्याच्या कोळशाचा नकार आला होता, त्याच देशात. दफन इंग्लंडमधील ब्रुकवुडच्या दफनभूमीत झाले.

पुढे काय झाले?

दोराबजींनी काम थांबवले नाही. पेरिन आणि वेल्ड यांनी गोरुमहिसानी तपासले. तिथले खनिज ६० टक्क्यांहून जास्त लोखंडाचे आणि प्रमाणही भरपूर. सुवर्णरेखा आणि खरकाई नद्यांच्या संगमाजवळ साकची हे गाव कारखान्यासाठी ठरले. पाणी मिळाले, जवळच कालिमाटी स्टेशन होते, कोळसा आणि खनिज दोन्ही टप्प्यात.

लंडनच्या बाजाराने पैसे दिले नाहीत. २६ ऑगस्ट १९०७ रोजी टाटा आयर्न अँड स्टील कंपनीची नोंदणी झाली आणि मुंबईत शेअर विक्रीला काढले. तीन आठवड्यांत सुमारे ८,००० लोकांनी सव्वादोन कोटी रुपयांहून अधिक भांडवल उभे केले. पुढे खेळत्या भांडवलासाठी ४ लाख पौंडांचे कर्जरोखे काढले, तेव्हा ते सगळेच्या सगळे ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी घेतले. रेल्वे बोर्डाच्या अपकॉट साहेबांचा रूळ खाण्याचा किस्सा इथे येतो, पण तो तुम्ही शंभर वेळा वाचला असेल, म्हणून गाळतो.

२ डिसेंबर १९११ रोजी साकचीच्या भट्टीतून पहिले लोखंड बाहेर आले. १६ फेब्रुवारी १९१२ रोजी पहिले पोलाद. साकचीचे जमशेदपूर झाले ते २ जानेवारी १९१९ रोजी, व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड यांच्या घोषणेने. कालिमाटी स्टेशनचे टाटानगर झाले.

धल्ली-राजहराचा डोंगरही वाया गेला नाही. तिथल्या खनिजावर स्वतंत्र भारताने भिलाईचा कारखाना उभारला. तिथली पहिली भट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. आज देशात रेल्वेचे रूळ तयार होण्याचे ते सर्वात मोठे ठिकाण आहे. कुर्डुवाडी-बार्शी मार्ग ब्रॉडगेज झाला आहे, आणि जमशेदजींच्या हयातीत विलायतेतून यायचे ते रूळ आता दुर्गजवळ ओतले जातात.

आणि चांदा? वरोऱ्याची ती सरकारी खाण १९०६ मध्ये बंद झाली. १९८२ मध्ये जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली वेगळा झाला आणि तिथल्या सुरजागडच्या डोंगरातून आता लोहखनिज काढले जाते. वर्धा खोऱ्यातला कोळसाही निघतोच आहे. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रात तो बॉयलरखाली जळतो. तुमच्या फोनच्या चार्जिंगमध्ये त्याचाही थोडा वाटा असू शकतो. कोकसाठी लागणारा कोळसा मात्र देश अजूनही मोठ्या प्रमाणात बाहेरून, मुख्यतः ऑस्ट्रेलियातून, आणतो. तो जहाजातून उतरला की त्याचीही आधी चाचणी होते.